सहा गावं, एक चॅनेल: शेजारच्या वणवा-पथकांचं वायरलेस जाळं कसं सुधारावं

मेळघाट असो, झाडीपट्टी असो की पांढरकवड्याकडचं सागवान, आगीचं एक गणित सगळीकडे सारखं आहे. आग एका गावाच्या शिवारात लागते आणि विझवायला तीन गावांची माणसं लागतात. वनविभागाचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याच दिवसांत मोहफूल वेचायला झाडाखालचा पाला जाळला जातो, तेंदूच्या फुटव्यासाठी आगी लावल्या जातात आणि शेतकरी धुरे पेटवतात. मोबाईलची रेंज नाल्यात उतरलं की संपते. वीज गेली की काही तासांत टॉवरही झोपतो.

म्हणून बऱ्याच गावांनी वॉकीटॉकी घेतले आहेत. अडचण अशी की प्रत्येक गावाने वेगळ्या वर्षी, वेगळ्या दुकानातून, वेगळ्या माणसाच्या सल्ल्याने घेतले. एका गावाचं पथक डोंगराच्या अलीकडे, दुसरं पलीकडे, दोघांच्या हातात सेट, आणि निरोप मात्र मोटारसायकलवरून जातो.

इथली मांडणी सहा गावांसाठी आहे: १२ ते १५ किलोमीटरचा घेर, ३० ते ४० हातातले सेट, प्रत्येक गावात एक बेस (एका जागी बसवलेला सेट) आणि सगळ्यांत मिळून एक रिपीटर (उंचावरून निरोप ऐकून पुढे पाठवणारा सेट). गावं कमी असतील तर आकडे कमी करा, क्रम बदलू नका. आधी मोजणी, मग परवाना, मग उंची, मग चॅनेलची आखणी. नवे हँडसेट सगळ्यात शेवटी. पैसा आला की पहिल्यांदा हँडसेटच घेतले जातात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

आधी आहे ते मोजा

सगळ्या गावांतले सगळे सेट एका दिवशी एका जागी आणा, बंद पडलेलेही. प्रत्येकाची नोंद एका वहीत करा: कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, व्हीएचएफ की यूएचएफ, अॅनालॉग की डिजिटल, प्रोग्रॅमिंगची केबल आहे की नाही, बॅटरी किती तास टिकते, आणि कोणत्या परवान्यावर घेतला.

यातून पहिली गाळणी होते. १३६ ते १७४ मेगाहर्ट्झचा व्हीएचएफ सेट आणि ४०० च्या पुढचा यूएचएफ सेट एकमेकांशी कधीच बोलणार नाहीत. कुठलीही सेटिंग बदलून ते होत नाही. दोन्ही प्रकार निघाले तर एक निवडावाच लागेल. जंगलासाठी व्हीएचएफ निवडा. पानांनी, विशेषतः ओल्या पानांनी, यूएचएफ जास्त शोषलं जातं. व्हीएचएफ डोंगराच्या कडेवरून थोडं वळूनही जातं. यूएचएफ गावाच्या आत, गोदामात, जिनिंगच्या आवारात चांगलं चालतं. असे सेट असतील तर ते जिनिंगच्या अंतर्गत पथकाला द्या, पण सामाईक जाळ्यात धरू नका.

परवाना: हे टाळून पुढे जाऊ नका

ऑनलाइन मिळणारे स्वस्त ५ वॅटचे सेट विना परवाना वापरणं बेकायदा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ऑनलाइन वॉकीटॉकी विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्या याच कारणाने. परवान्याशिवाय वापरता येतो तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा. त्यावरचे सेट साधारण अर्ध्या वॅटचे, अँटेना न निघणारे. एका जाळरेषेवर (आग अडवायला साफ केलेल्या पट्ट्यावर) पसरलेल्या दहा माणसांना ते पुरतात, दोन गावांना नाही. तेही घेताना मॉडेलला दूरसंचार विभागाची ईटीए मंजुरी (उपकरणाच्या प्रकाराला मिळणारी) आहे का ते पाहा.

गावांमधल्या जाळ्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस नियोजन आणि समन्वय) शाखेकडून फ्रिक्वेन्सी घ्यावी लागते. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. सहा ग्रामपंचायतींनी सहा अर्ज करू नयेत. प्रत्येकाला वेगळी फ्रिक्वेन्सी मिळाली तर मूळ दुखणं तसंच राहील. एकाच अर्जदाराच्या नावाने जा. जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, तेव्हा त्यांच्याकडे सहाही ग्रामसभांचे ठराव घेऊन जाणं हा सरळ रस्ता. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना जंगल राखण्याचा अधिकार २००६ च्या वनहक्क कायद्यानेच दिला आहे. ठरावात त्याचा उल्लेख करा.

अर्जासोबत लागणारी माहिती आधीच काढून ठेवा: प्रत्येक बेसचे अक्षांश-रेखांश, अँटेनाची जमिनीपासून उंची, बेस, वाहनातले आणि हातातले सेट वेगवेगळे मोजून, वापराचं क्षेत्र, आणि रिपीटर हवा असेल तर दोन फ्रिक्वेन्सींची जोडी. बेस आणि रिपीटरच्या जागेसाठी साकफाची (फ्रिक्वेन्सी वाटपावरच्या सल्लागार समितीची) मंजुरी वेगळी असते. तत्त्वतः मंजुरी हातात येईपर्यंत सेट विकत घेऊ नका. रिपीटरची जोडी मागायची राहून गेली आणि एकच फ्रिक्वेन्सी मिळाली तर सगळी आखणी पुन्हा करावी लागते.

सेटची अनुक्रमांकांसह यादी पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. गडचिरोलीत आणि गोंदियाच्या सीमाभागात तर हे पहिल्या दिवशी करा. प्रत्येक सेटसोबत परवान्याची लॅमिनेट केलेली प्रत आणि ज्याच्याकडे सेट आहे त्याचं ग्रामपंचायतीचं ओळखपत्र असलंच पाहिजे.

वनविभागाचा चॅनेल आपल्या सेटमध्ये लेखी परवानगीशिवाय भरू नका, नुसता ऐकण्यापुरताही नाही. त्याहून सोपा उपाय म्हणजे आपला एक सेट वनपरिक्षेत्र कार्यालयात आणि एक नगरपंचायतीच्या अग्निशमन गाडीत ठेवून द्यायचा. अर्जातच हे लिहा, म्हणजे सेट कोणाच्या हातात आहे यावरून प्रश्न येत नाही. दोन खात्यांच्या वायरलेस जोडायची महागडी यंत्रं विकायला लोक येतील. सेटची अदलाबदल त्याच्या नव्वद टक्के काम करते.

वॅट नाही, उंची

व्हीएचएफ मुख्यतः सरळ रेषेत जातं. दोन अँटेनांमधलं जास्तीत जास्त अंतर किलोमीटरमध्ये काढायचं तर दोन्हींच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ घ्या, बेरीज करा, ४.१२ ने गुणा. दोन माणसं, दोघांचे सेट दीड मीटरवर: १० किलोमीटर. हे सपाट, मोकळ्या जमिनीवर. झाडीत प्रत्यक्षात दोन-चार किलोमीटर हाती लागतात. आता एका बाजूला १५ मीटरवर अँटेना असेल तर तेच अंतर २१ किलोमीटर होतं. रिपीटर आजूबाजूच्या जमिनीपेक्षा १०० मीटर उंच टेकडीवर असेल तर ४६. हँडसेट ५ वॅटऐवजी ८ वॅटचा घेतला तर यातला एकही आकडा बदलत नाही, फक्त बॅटरी लवकर संपते.

जवळपास प्रत्येक गावात तयार उंची उभी असते: पाण्याची टाकी. नळयोजनेच्या उंच टाकीच्या कठड्यावर ग्रामपंचायतीच्या परवानगीने अँटेना लावली तर मनोऱ्याचा खर्च वाचतो. टाकीवर वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत नेणारी सळई) असेल तर अँटेनाचं टोक त्याच्या टोकापेक्षा खाली ठेवा. टाकी नसेल तर जीआय पाइपचा १२ मीटरचा खांब, दोन उंचींवर तीन-तीन ताण. ताणाचे खुंट खांबाच्या बुंध्यापासून ८ ते ९ मीटरवर, किमान १ मीटर खोल, काँक्रीट घालून. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि खुंट हळूहळू वर येतात. काँक्रीटखाली मुरूम भरा आणि जूनमध्ये व ऑक्टोबरमध्ये ताण पुन्हा ओढा. खांबाच्या उंचीच्या दीडपट अंतरात ११ केव्हीची तार असेल तर ती जागा सोडा. खांब उभा करतानाच तारेवर पडतो, नंतर क्वचितच.

केबलमध्ये सगळ्यात जास्त पैसा वाया जातो, कारण ती दिसत नाही. १५० मेगाहर्ट्झला आरजी-५८ केबल १०० मीटरमागे साधारण २० डेसिबल खाते. एलएमआर-४०० साधारण ५. बेसपासून टाकीवरच्या अँटेनापर्यंत २० मीटर केबल धरली तर २५ वॅटच्या सेटमधून आरजी-५८ वर १० वॅट वर पोचतात, एलएमआर-४०० वर २०. येणारा आवाजही त्याच प्रमाणात बारीक होतो, आणि ते तर सेटचे वॅट वाढवूनही भरून निघत नाही. म्हणून केबल जाड घ्या आणि लांबी कमी ठेवा. बेस सेट सरपंचांच्या टेबलावर ठेवायचा हट्ट नको. टाकीच्या पायथ्याच्या खोलीत ठेवा.

कनेक्टर एन-टाइपचे घ्या. जोडावर आधी आपोआप चिकटणारी रबर टेप, तिच्यावर काळी विनाइल टेप, खालून वर गुंडाळत. केबल खोलीत शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, भिंतीतून आत येणार नाही. आणि वानरं. ती केबलला लटकतात, अँटेनाची आडवी काडी वाकवतात. केबल पहिल्या मीटरपासून टोकापर्यंत जीआय पाइपमधून न्या किंवा दर ३० सेंटिमीटरला स्टीलच्या पट्टीने बांधा. प्लास्टिकच्या पट्ट्या उन्हाने एका वर्षात तुटतात.

गावातल्या बेसला ३ डेसिबलची फायबर कोलिनिअर अँटेना पुरते. टेकडीवर मात्र जास्त गेनची अँटेना घेऊ नका. ती किरण आडवा दाबते आणि टेकडीच्या पायथ्याचं गाव नेमकं त्याच्या खाली सुटतं. तिथे साधा फोल्डेड डायपोल बरा. घडीभर काम भागवायचं असेल तर पाव तरंगाची अँटेना हाताने करता येते: १५५ मेगाहर्ट्झसाठी उभी काडी साधारण ४६ सेंटिमीटर, खाली तेवढ्याच किंवा किंचित लांब चार तिरप्या काड्या.

लावून झाल्यावर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा आकडा, मोजा. १.५ च्या आत हवा. २ ला अकरा टक्के शक्ती परत येते, ते चालवून घेता येतं. ३ ला चतुर्थांश परत येते आणि सेटचा शेवटचा ट्रान्झिस्टर तापतो. मीटर सहा गावांत मिळून एक पुरे. आकडा वहीत तारखेसह लिहा. पुढच्या वर्षी तो १.३ वरून १.९ झाला तर कुठेतरी पाणी शिरलंय हे आवाज बिघडण्याआधी कळतं.

अर्थिंगमध्ये कसर नको. मे-जूनच्या वादळी पावसात विदर्भात वीज पडून दरवर्षी माणसं आणि जनावरं जातात. तांब्याचा थर दिलेली ३ मीटरची सळई बेंटोनाइटच्या मिश्रणात पुरा. नुसत्या काळ्या मातीत पुरलेली सळई एप्रिलमध्ये भेगांमुळे मातीपासून सुटते आणि अर्थिंग नावालाच उरतं. रोध ५ ओहमच्या आत आणायचा प्रयत्न करा. एकीने होत नसेल तर दुसरी सळई ३ मीटर अंतरावर पुरून दोन्ही जोडा. खांब, केबलचं कवच आणि गॅस-ट्यूब अरेस्टर (केबलमधून येणारा विजेचा झटका जमिनीत सोडणारा) तिन्ही एकाच अर्थला जोडले पाहिजेत. आणि ढग दाटले की बेसवरून केबल काढून बाहेर टाकायची. अरेस्टर जवळच्या विजेपासून वाचवतो, थेट पडलेल्या विजेपासून नाही.

रिपीटर आणि त्याची बॅटरी

सहाही गावांना दिसेल अशी एकच टेकडी असेल तर नशीब. नसेल तर सगळ्यांत उंच गावाची टाकी घ्या आणि कोणतं गाव सुटतंय ते आधीच जाहीर करा.

रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो, दुसरीवर बोलतो. दोन्हींसाठी एकच अँटेना असेल तर मध्ये डुप्लेक्सर (दोन्ही फ्रिक्वेन्सी वेगळ्या ठेवणारी गाळणी) लागतो, आणि तो तुमच्याच जोडीवर ट्यून केलेला हवा. दुसऱ्या जोडीवरचा जुना डुप्लेक्सर स्वस्तात मिळाला म्हणून लावला तर रिपीटर स्वतःच्याच आवाजाने बहिरा होतो: जवळचं ऐकतो, लांबचं नाही. दोन वाहनातले सेट जोडून केलेला घरगुती रिपीटर इथल्या उन्हाळ्यात टिकत नाही. ४५ अंशांत पत्र्याच्या पेटीत तो सलग बोलला की शक्ती आपोआप कमी करतो किंवा जळतो. सलग बोलण्यासाठीच बनवलेला रिपीटर घ्या आणि तो २५ वॅटवर चालवा, ५० वर नाही.

बॅटरीचा हिशेब: थांबलेला असताना ०.५ अँपिअर, बोलताना ६ अँपिअर, आणि दिवसाचा पाचवा भाग बोलणं धरलं तर सरासरी १.६ अँपिअर. चोवीस तासांत सुमारे ३८ अँपिअर-तास. तीन दिवस उन्हाशिवाय चालायला ११५. लिथियम फॉस्फेट बॅटरी ८० टक्के वापरता येते, म्हणून १५० अँपिअर-तासांची घ्या. शिसं-आम्लाची घेतली तर निम्मीच वापरायची, म्हणजे २३० लागतील, आणि उष्णतेत तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. पॅनेल २०० वॅटचं. श्रावणात ते कमी पडेल, पण तेव्हा वणवा नसतो आणि बोलणंही पाचव्या भागाइतकं होत नाही. बॅटरीची पेटी जमिनीपासून वर, सावलीत, दुहेरी पत्र्याची, जाळी लावलेल्या खिडक्यांची. जाळी बारीक हवी, नाहीतर गांधीलमाश्या घर करतात आणि दुरुस्तीला गेलेला माणूस पेटी न उघडताच परत येतो.

चॅनेलची आखणी

सामाईक चॅनेल अॅनालॉग ठेवा. डिजिटल डीएमआर सेटची बॅटरी जास्त टिकते, गुणगुणही कमी असते, हे खरं. पण पाला उडवणारा ब्लोअर आणि पंपाच्या आवाजात डिजिटल कोडरला माणसाचा आवाज वेगळा काढता येत नाही. कडेच्या भागात अॅनालॉगचा आवाज खरखरत का होईना कळतो, डिजिटलचा एकदम तुटतो. शिवाय कलर कोड, टाइमस्लॉट, गट या डिजिटलच्या सेटिंग सगळ्या गावांच्या जुळवाव्या लागतात. सहा गावांत एखादा तरी चुकतोच.

प्रत्येक सेटमध्ये त्याच क्रमाने हेच सहा चॅनेल भरा. फ्रिक्वेन्सी परवान्यात मिळतील त्या. दुसऱ्या चॅनेलसाठी रिपीटरचीच बोलायची फ्रिक्वेन्सी वापरायची, आणि ती अशी थेट वापरणार हे अर्जात लिहायचं.

१. सामाईक, रिपीटरवरून
२. सामाईक थेट, रिपीटरविना
३. आगीवरचा पहिला, थेट
४. आगीवरचा दुसरा, थेट
५. पाणी आणि टँकर, थेट
६. गावाचा स्वतःचा

सोळा चॅनेल भरता येतात म्हणून सोळा भरू नका. रात्री, धुरात, हातमोजा घालून माणूस नॉब डावीकडे शेवटपर्यंत फिरवतो आणि तिथून मोजतो. पहिलं घर सगळ्यांकडे सामाईकच असलं पाहिजे. मिळालेल्या फ्रिक्वेन्सी कमी असतील तर पाचवा आणि सहावा एकत्र करा, पण दुसरा कधीही काढू नका. दुसऱ्या चॅनेलवर सेट रिपीटरच्याच फ्रिक्वेन्सीवर ऐकतो, म्हणून रिपीटर बंद पडला तरी जवळच्यांशी बोलता येतं, आणि रिपीटर चालू असेल तर त्याचंही ऐकू येतं.

आता सेटिंग, इथेच बहुतेक जाळी अडकतात.

रुंदी: सगळे सेट १२.५ किलोहर्ट्झवर. एक सेट २५ वर राहिला तर त्याचा आवाज इतरांना फाटका येतो आणि त्याला इतरांचा बारीक. लोक बॅटरीला दोष देतात.

टोन (आवाजासोबत जाणारा, कानाला न जाणवणारा ओळखीचा स्वर): बोलताना पाठवायचा टोन सगळ्यांचा एकच, उदाहरणार्थ १२३.० हर्ट्झ. ऐकताना मात्र थेट चॅनेलवर टोन लावू नका. ऐकण्यावर टोन असलेला सेट बाहेरच्या मदतीचा साधा हाकाराही गाळून टाकतो, आणि समोरच्याला वाटतं कोणी उत्तरच देत नाही.

बोलण्याची मर्यादा ६० सेकंद. कुणी सेटवर बसला, बटण दाबलं गेलं, तर संपूर्ण चॅनेल त्याच्या खिशात अडकतो. मर्यादा असेल तर एका मिनिटात सुटतो. चॅनेल व्यस्त असताना बोलू न देणारं कुलूप सामाईक चॅनेलवर बंद ठेवा, कारण दूरच्या खरखरीनेही ते लागतं. व्हॉक्स (बटण न दाबता आवाजानेच सुरू होणं) बंद. शेवटची बीप बंद. स्कॅन (सगळे चॅनेल आळीपाळीने चाळणं) आगीवर बंद. स्कॅन करणारा सेट प्रत्येक वाक्याचे पहिले दोन शब्द गिळतो.

बॅटरी वाचवणारी सेटिंगही तेच करते, म्हणून ती कमीत कमी ठेवा आणि माणसांना शिकवा: बटण दाबा, एक श्वास थांबा, मग बोला.

हे सगळं एकाच संगणकावरच्या एकाच फाइलमध्ये. फाइलच्या नावात तारीख, प्रत पेनड्राइव्हवर तहसीलच्या आपत्ती कक्षात. प्रोग्रॅमिंग एकच माणूस करेल, बाकी सगळ्यांच्या सेटची कळफलकाची कुलपं लावलेली. एका गावच्या पोराने हौसेने टोन बदलला की ते गाव हंगामभर गायब होतं आणि कारण मे महिन्यात सापडतं.

ट्रॅक्टर, बॅटऱ्या, ब्लोअर

टँकरमध्ये वायरलेस बसवा असं सगळे सांगतात. पण आपल्याकडे टँकर म्हणजे ट्रॉली, तिला आज एकाचा ट्रॅक्टर, उद्या दुसऱ्याचा. म्हणून सेट ट्रॅक्टरवर न बसवता पेटीत बसवा: २५ वॅटचा वाहनातला सेट, २० अँपिअर-तासांची १२ व्होल्ट लिथियम फॉस्फेट बॅटरी, धन तारेवर बॅटरीजवळ १० अँपिअरचा फ्यूज, वर स्पीकर. जेमतेम बोललं तर १५ तास चालते. ट्रॅक्टरला चांगलं धातूचं छत नसतं, म्हणून पाव तरंगाची चुंबकी अँटेना तिथे नीट काम करत नाही. खाली पत्रा न मागणारी अर्ध्या तरंगाची अँटेना घेऊन ती छताच्या कमानीला आवळा. अशा तीन पेट्या सहा गावांना पुरतात.

हँडसेटमागे दोन बॅटऱ्या. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि मे महिन्यात दुपारी टिनाच्या खोलीत त्याहून जास्त असतं. चार्जर मातीच्या भिंतीच्या घरात, कूलरच्या खोलीत ठेवा. चार्जिंग रात्री किंवा पहाटे. पथकात माणसं एकमेकांच्या दोनशे मीटरमध्ये असतील तर शक्ती १ वॅटवर आणा. बॅटरी टिकते आणि शेजारच्या सेटचा कानही दबत नाही.

ब्लोअर चालवणाऱ्याला सेट देऊन उपयोग नाही, त्याला ऐकू येत नाही. त्याच्यामागे वाळका पाला ओढणारा जो दुसरा माणूस असतो, सेट त्याच्याकडे, खांद्यावर स्पीकर-माइक, आणि दोघांत हातवाऱ्याची खूण ठरलेली.

कोण ऐकतंय, काय बोलायचं

सहा बेसपैकी किमान दोन ठिकाणी रात्रभर जागं माणूस हवं. ग्रामपंचायतीचं कार्यालय संध्याकाळी बंद होतं. जिनिंगच्या फाटकावरचा चौकीदार हिवाळ्यात जागा असतो, पण कापसाचा हंगाम उरकला की एप्रिलमध्ये तिथे कुणी नसतं, नेमकं आगीच्या ऐन दिवसांत. वनविभागाची संरक्षण कुटी किंवा ३३ केव्ही उपकेंद्र बरं. उपकेंद्रात ऑपरेटर चोवीस तास असतो, आणि गोठा किंवा कुटाराची गंजी पेटली तर पाणी मारण्याआधी त्या फीडरचा पुरवठा बंद करायला त्यालाच सांगायचं असतं.

जागेची नावं आधी ठरवा. "मोठ्या नाल्याजवळ" असं सहा गावांत सहा ठिकाणी असतं. वनविभागाचा कक्ष (जंगलाचा आखलेला तुकडा) क्रमांक आणि स्थानिक नाव दोन्ही असलेला नकाशा प्रत्येक बेसवर लावा. त्यात पाणवठे, बोड्या (छोटी तळी), मामा म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ट्रॅक्टर जाईल असे रस्ते. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचे उपग्रहाचे इशारे मोबाईलवर मिळतात, त्यासाठी नोंदणी करा. पण त्यातला ठिपका ३७५ मीटरच्या चौकटीचा असतो. बेसवरच्या माणसाने अक्षांश-रेखांशावरून कक्ष काढून मगच चॅनेलवर सांगायचं.

आकडे सुटे सुटे बोला. एकोणपन्नास आणि एकोणसाठ, बावीस आणि बत्तीस खरखरीत सारखेच ऐकू येतात. "कक्ष दोन-एक-चार" असं म्हणा. आणि "नका येऊ" असं कधी म्हणू नका. पहिलं अक्षर कापलं गेलं की पलीकडे "येऊ" पोचतं. "थांबा, थांबा" म्हणा. वारा सांगताना तो कुठून येतो तेच सांगायचं, कुठे जातो ते नाही.

पहिला निरोप असा: "बेस, बेस, पथक तीन. आग. कक्ष दोन-एक-चार, मोहाच्या नाल्याच्या पूर्वेला. वारा पश्चिमेकडून. माणसं सहा, ब्लोअर एक. दहा माणसं पाठवा, टँकर थांबवा, थांबवा. उत्तर द्या." बेस कक्ष आणि मागणी परत म्हणून दाखवतो. परत म्हटलं नाही तर निरोप पोचला असं धरू नका. गोंडी, कोरकू, कोलामी बोलणारी पथकं असतील तर दोन माणसं आपसात आपल्या भाषेत बोलोत, फक्त ठरलेले आठ-दहा शब्द सगळ्यांचे एकच ठेवा.

कुणी अडकलं, भाजलं तर "तातडी, तातडी, तातडी". बाकी सगळे गप्प. आगीवर दर अर्ध्या तासाला पथकप्रमुख माणसं मोजून आकडा बेसला देतो, आग विझत आली तरी. माणसं विखुरतात ती तेव्हाच.

दोनदा बोलावूनही रिपीटरची शेपटी, म्हणजे बटण सोडल्यावरची "टक्", ऐकू आली नाही तर दुसऱ्या चॅनेलवर यायचं. हे प्रत्येकाला तोंडपाठ हवं.

चाचणी आणि बिघाड

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एक माणूस मोटारसायकलवर हँडसेट घेऊन सगळ्या कक्षांतून फिरतो, दर किलोमीटरला बेसला बोलावतो आणि ऐकू येण्याला १ ते ५ गुण देतो. दोन्ही बाजूंनी नोंद करायची. तुम्हाला बेस ऐकू येतो म्हणजे बेसला तुम्ही ऐकू येता असं नाही. ३ च्या खालच्या जागा नकाशावर लाल करा. तिथे गेलेलं पथक मधल्या उंचवट्यावर एक माणूस ठेवून निरोप पुढे देईल. सागाची पानं गळलेली असताना घेतलेली ही चाचणी ऑगस्टमध्ये खरी ठरत नाही, म्हणून पूर-पाण्यासाठीही जाळं वापरायचं असेल तर पावसाळ्यात पुन्हा फिरा.

हंगामभर दर सोमवारी संध्याकाळी सात वाजता पहिल्या चॅनेलवर हजेरी, मग सगळे दुसऱ्यावर जाऊन पुन्हा हजेरी. दोन आठवडे न बोललेला सेट गावात जाऊन पाहायचा.

एकच गाव ऐकू येत नाही आणि कालपर्यंत येत होतं: आधी कुलूप, टोन आणि चॅनेल पाहा, मग अँटेना. सगळ्यांनाच लांबचं ऐकू येत नाही पण जवळचं येतं: डुप्लेक्सर, किंवा रिपीटरच्या केबलमध्ये पाणी. दुपारीच बिघडतं, सकाळी चालतं: रिपीटर तापतोय. पहाटे बंद पडतो, ऊन आलं की सुरू होतो: दोष बॅटरीचा आहे, पॅनेलचा नाही. बोललं की सेट बंद होऊन पुन्हा चालू होतो: बॅटरीचे टोक गंजलेत किंवा तार बारीक आहे. ट्रॅक्टर चालू असतानाच घरघर येते: पेटीची तार ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडली असेल तर काढा आणि पेटी तिच्याच बॅटरीवर चालवा. सतत "चर्र" आवाज, कुणी बोलत नाही: कुणाचं तरी बटण दाबलेलं आहे आणि त्या सेटवर बोलण्याची मर्यादा लागलेली नाही, गावागावाने सेट बंद करत जा म्हणजे सापडेल.

बदली भाग एका पेटीत, मधल्या गावात: एन-टाइप कनेक्टर ६, फ्यूज २०, रबर टेप ४ रीळ, अरेस्टरच्या गॅस-ट्यूब ४, हँडसेटच्या अँटेना १०, पट्ट्यांच्या क्लिपा १०, स्पीकर-माइक ४. क्लिपा आणि अँटेना सगळ्यात आधी संपतात.